घरगुती ब्रॉडबँड योजनेची निवड : भीमाशंकर परिसराच्या निमित्ताने एक अभ्यास

जुन्नर तालुक्यातील आर्वी या गावाचे नाव भारतीय दूरसंचाराच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी परदेशांशी उपग्रहामार्फत संपर्क साधणारे देशातील पहिले व्यापारी भूकेंद्र याच गावी उभे राहिले आणि त्यास डॉ. विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ 'विक्रम' हे नाव देण्यात आले. त्याच तालुक्यात नारायणगावनजीक खोडद परिसरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपत असतात. मात्र याच भूभागाच्या पश्चिमेकडील डोंगररांगांत, आहुपे, तळेघर, घाटघर या गावांच्या वाड्यावस्त्यांवर, मुंबई-पुण्यास गेलेल्या मुलाशी चार शब्द बोलण्यासाठी आजही अनेकदा रेंजची जागा शोधत फिरावे लागते.

हे अंतर आता कमी होऊ लागले आहे. प्रकाशतंतूची म्हणजेच ऑप्टिकल फायबरची तार अनेक ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचली आहे, मोबाईल टॉवरांची संख्या वाढली आहे आणि खाजगी व सरकारी कंपन्यांच्या घरगुती ब्रॉडबँड योजनांची पत्रके बाजाराच्या गावी सर्वत्र वाटली जात आहेत. आता प्रश्न उपलब्ध सेवांपैकी योग्य ती निवडण्याचा आहे. ग्रामीण कुटुंबाच्या मिळकतीतून दरमहा चारपाचशे रुपये जाणार असतील, तर ते कशासाठी जातात आणि त्यांच्या मोबदल्यात काय मिळते, याचा विचार आधी झालेला बरा. गावात असा सल्ला बहुधा शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य यांनाच विचारला जातो. त्यांच्या उपयोगी पडावी या हेतूने या विषयाची मांडणी येथे केली आहे.

विषयाचे महत्त्व

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळला आणि दीडशेच्या सुमारास माणसे त्याखाली गाडली गेली. त्या दुर्घटनेची वार्ता बाहेर कशी आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकाला गावच दिसेना, आणि त्याच्याकडून ही वार्ता बाहेरच्या जगास कळली. ब्रॉडबँडमुळे दरड थांबत नाही, हे उघड आहे. परंतु दुर्गम गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क ही चैनीची बाब नव्हे, हे समजण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

नित्याचे व्यवहारही आता या संपर्कावर अवलंबून राहू लागले आहेत. सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी, रास्त भाव दुकानातील अंगठ्याची पडताळणी, ग्रामपंचायतीचा जमाखर्च, शाळेची माहिती भरणे आणि 'ई-संजीवनी'द्वारे डॉक्टरांचा सल्ला ही सर्व कामे इंटरनेटवर चालतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा राज्याच्या अनेक डोंगराळ भागांत विद्यार्थ्यांना धड्यासाठी रेंजच्या शोधात उंच जागा गाठावी लागली, हे शिक्षकवर्ग विसरलेला नाही.

वेग म्हणजे काय ?

जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेला आकडा वेगाचा असतो. '३० एमबीपीएस' म्हणजे दर सेकंदाला ३० मेगाबिट माहिती. फाईलचे किंवा चित्रफितीचे आकारमान मात्र मेगाबाइटमध्ये मोजले जाते, आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. यास्तव ३० मेगाबिटची जोडणी एका सेकंदात ३० नव्हे, तर पावणेचार मेगाबाइट माहिती आणते. ४० मेगाबाइटचे पाठ्यपुस्तक उतरवून घ्यावयाचे झाल्यास ३० मेगाबिटच्या जोडणीवर सुमारे ११ सेकंद लागतात. तेच २ मेगाबिटच्या जोडणीवर २ मिनिटे ४० सेकंद लागतील.

ब्रॉडबँड कशास म्हणावे, याची शासकीय व्याख्याही काळानुसार बदलत गेली आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग मानला होता. पुढे तो ५१२ किलोबिट झाला आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ मेगाबिट वेगास ब्रॉडबँड म्हटले जाते. अर्थात २ मेगाबिट हा केवळ उंबरठा आहे. त्यावर एका वेळी एकच काम नीट होऊ शकते.

चार-पाच माणसांच्या घराला किती वेग पुरतो ? एक मूल चित्रफितीवरून धडा पाहत आहे, दुसरी व्यक्ती दृक्संवादाद्वारे बैठकीत भाग घेत आहे आणि तिसरी अर्ज भरत आहे, असे मानले तरी एकूण गरज साधारणपणे १० ते १५ मेगाबिटच्या पुढे जात नाही. म्हणजे ३० मेगाबिटची योजना सर्वसाधारण कुटुंबास पुरेशी ठरते. १०० किंवा २०० मेगाबिटच्या योजनेसाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी तो वेग वापरणारे घरात कोण आहे, हे पाहावे.

जाहिरातीतील 'पर्यंत' हा लहानसा शब्दही दुर्लक्षून चालणार नाही. '३० एमबीपीएसपर्यंत' याचा अर्थ तो वेग सदैव मिळेल असा नव्हे. फायबरची एक मुख्य तार अनेक घरांत विभागली जाते, आणि मोबाईल टॉवरची क्षमता तर त्याच्या कक्षेतील सर्व ग्राहकांत वाटली जाते. सायंकाळी ७ ते १० या वेळेत सर्वच घरांत पडदे उजळतात, तेव्हा वेग मंदावतो. म्हणून शेजारच्या ग्राहकाकडे चौकशी करावयाची ती दुपारच्या वेगाची न करता सायंकाळच्या वेगाची करावी.

आणखी एक बाब बहुधा विसरली जाते. माहिती घरात येण्याचा वेग आणि घरातून बाहेर जाण्याचा वेग हे दोन निरनिराळे असतात. शिक्षकाला स्वतःचा पाठ प्रसारित करावयाचा असेल किंवा ग्रामसेवकाला कामांची छायाचित्रे चढवावयाची असतील, तर दुसरा वेग महत्त्वाचा ठरतो. फायबर जोडणीत हे दोन्ही वेग पुष्कळदा सारखे असतात. बिनतारी जोडणीत बाहेर जाण्याचा वेग सहसा कमी असतो.

मर्यादेचा हिशेब

बहुतेक 'अमर्याद' योजनांना मर्यादा असते. महिन्याला ठरावीक गिगाबाइट वापर झाल्यावर जोडणी तुटत नाही, परंतु वेग एकदम खाली आणला जातो. ही मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर वेग किती राहील, हे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे, असा निर्देश भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजेच ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी दिलेला आहे. पत्रकात हे दोन आकडे नसतील तर ते मागून घ्यावेत.

मर्यादा पुरेशी आहे की नाही, हे साध्या गुणाकाराने कळते. दीड मेगाबिट वेगाने चालणारी मध्यम प्रतीची चित्रफीत एक तास पाहिल्यास ५,४०० मेगाबिट, म्हणजे ६७५ मेगाबाइट माहिती खर्च होते. मोबाईलच्या दररोज दीड गिगाबाइट देणाऱ्या रिचार्जमध्ये असा वापर सुमारे सव्वादोन तास चालतो. उलट, महिन्याला १,००० गिगाबाइट देणाऱ्या घरगुती योजनेत तो १,४८० तास चालू शकेल, आणि ३० दिवसांच्या महिन्यात तास असतात फक्त ७२०. तात्पर्य, घरात दोन-तीन पडदे एकाच वेळी उच्च प्रतीच्या चित्रफिती अखंड दाखवीत नसतील, तर १,००० गिगाबाइटची मर्यादा सामान्य कुटुंबाच्या आड येत नाही. मोबाईलची दैनिक मर्यादा मात्र एका विद्यार्थ्याच्या अभ्यासातच संपू शकते.

जोडणीचे प्रकार आणि डोंगराळ भूप्रदेश

योजनेची निवड करण्यापूर्वी जोडणीचा प्रकार निवडावा लागतो. सखल प्रदेशातील सल्ला सह्याद्रीच्या कुशीत जसाच्या तसा लागू पडत नाही. मंचर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात एखाद्या गावात तीन-चार कंपन्यांमध्ये स्पर्धा असू शकते. घोडेगाव सोडून डिंभे धरणाच्या वरच्या अंगास जावे तसे हे पर्याय कमी होत जातात.

पहिला प्रकार फायबरचा. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूतून प्रकाशाच्या रूपाने माहिती जाते. पाऊस, धुके वा वीज यांचा त्या प्रकाशावर परिणाम होत नाही. सेवाकेंद्रापासून घरापर्यंतच्या मार्गात विजेची गरजही लागत नाही. जेथे फायबर मिळतो तेथे तोच प्रथम पसंतीचा असावा. त्याचे वैगुण्य एकच, तार तुटली की सारे थांबते. रस्तारुंदीचे काम, कोसळलेले झाड, खचलेली दरड यांपैकी कशानेही ती तुटू शकते. खांबांवरून नेलेली तार वादळात तुटते, पण लवकर दिसते आणि लवकर जोडता येते. जमिनीखालची तार सुरक्षित असते, परंतु दोष शोधण्यास वेळ लागतो. १९८५ मध्ये घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीविना खोदाई करता येत नाही, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे.

दुसरा प्रकार टॉवरवरून मिळणाऱ्या घरगुती बिनतारी ब्रॉडबँडचा. 'एअर फायबर' या नावाने २०२३ पासून तो बाजारात आला आहे. नावात फायबर असला तरी टॉवरपासून घरापर्यंत तार नसते. छपरावर लहान ग्राहकयंत्र बसवून फाइव्ह-जी लहरींद्वारे सेवा दिली जाते. बसविणे सोपे आणि जलद, हा याचा लाभ. परंतु या लहरींना डोंगराची धार ओलांडता येत नाही. टॉवर आणि घर यांच्यामध्ये टेकडी किंवा दाट झाडी असल्यास सेवा क्षीण होते, आणि पावसाळ्यात ओल्या पानांचा अडथळा अधिकच जाणवतो. म्हणून उन्हाळ्यात घेतलेली चाचणी पुरेशी समजू नये.

तिसरा प्रकार साध्या मोबाईल रिचार्जचा. एकट्या माणसाला, किंवा घरापेक्षा शेतात आणि रानात अधिक वेळ असणाऱ्याला तो सोयीचा आहे. टॉवर नसलेल्या गावांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये फोर-जी सेवा पोहोचविण्याचा २६,३१६ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. देशातील २४,६८० गावे त्यात समाविष्ट आहेत.

चौथा प्रकार उपग्रहाचा. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश तेथे जाऊन परत येण्यास जवळपास पाव सेकंद लागतो, आणि प्रश्न व उत्तर मिळून अर्धा सेकंद जातो. लेखी कामास याने फारसे बिघडत नाही, संभाषणात मात्र अडखळ जाणवते. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहसमूहांत हा विलंब नगण्य असतो. अशा सेवेसाठी स्टारलिंक कंपनीस जून २०२५ मध्ये केंद्र शासनाचा परवाना मिळाला. जेथे तार आणि टॉवर दोन्ही पोहोचणे कठीण आहे, अशा शाळा आणि आरोग्यकेंद्रांसाठी या मार्गाचा विचार व्हावा. उपकरणाची किंमत आणि मुसळधार पावसात होणारा व्यत्यय ध्यानात घेता सर्वसाधारण घराने त्याकडे शेवटचा पर्याय म्हणून पाहावे.

खर्चाची खरी मोजणी

दोन योजनांची तुलना छापील मासिक दरावरून करणे फसवे ठरते. दूरसंचार सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि पुष्कळ पत्रकांत दर करावाचून दिलेला असतो. जोडणी शुल्क, उपकरणाची किंमत वा अनामत, आगाऊ भरावयाची रक्कम आणि ठरावीक मुदतीआधी सेवा सोडल्यास होणारी वजावट या बाबी निराळ्याच. यासाठी सर्व योजनांचा दोन वर्षांचा एकूण खर्च काढून मग तुलना करावी. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी कल्पिलेले आहेत.

समजा, एका फायबर योजनेचा दर दरमहा ४०० रुपये आहे. करासह तो ४७२ रुपये आणि वर्षाला ५,६६४ रुपये होतो. जोडणी शुल्क करासह ५९० रुपये आणि उपकरण १,५०० रुपयांचे असल्यास पहिल्या वर्षी ७,७५४ रुपये लागतात, आणि दोन वर्षांचे १३,४१८. एका बिनतारी योजनेत जोडणी व उपकरण विनामूल्य आहे, पण दर ६०० रुपये, म्हणजे करासह ७०८ आहे. तिचा दोन वर्षांचा खर्च १६,९९२ रुपये होतो. 'विनामूल्य' उपकरणाची योजना येथे ३,५७४ रुपयांनी महाग पडली.

आता मोबाईलशी तुलना करू. ३०० रुपयांचा रिचार्ज २८ दिवस चालतो. वर्षाला तो १२ वेळा नव्हे, तर १३ वेळा करावा लागतो. अशा रीतीने एका फोनचे ३,९०० आणि तीन फोनचे ११,७०० रुपये होतात. हा तेरावा रिचार्ज ग्राहकांच्या ध्यानात येत नसल्याने ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीस ३० दिवस मुदतीची आणि दरमहा त्याच तारखेस नूतनीकरण होणारी अशी किमान एकेक योजना ठेवण्यास फर्माविले.

घरी फायबर घेतल्यावर तिन्ही फोनांचे जुने रिचार्ज तसेच चालू ठेवले, तर दुसऱ्या वर्षापासूनचा वार्षिक खर्च ५,६६४ अधिक ११,७०० असा १७,३६४ रुपये होईल. हा भार अनेक कुटुंबांना पेलणार नाही. यावर उपाय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने इंटरनेट वगळून केवळ संभाषण व लघुसंदेश देणारे रिचार्ज उपलब्ध करणे कंपन्यांस बंधनकारक केले आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्यास मुभा दिली. असा रिचार्ज वर्षाला १,८०० रुपयांचा धरू. घरातील दोन फोन त्यावर ठेवले आणि बाहेर फिरणाऱ्या एकाच व्यक्तीच्या फोनवर इंटरनेट ठेवले, तर एकूण खर्च ५,६६४, ३,९०० आणि ३,६०० मिळून १३,१६४ रुपये होतो. तीन मोबाईल रिचार्जपेक्षा तो १,४६४ रुपयांनी अधिक आहे, म्हणजे महिन्याला सुमारे १२२ रुपये. तेवढ्या रकमेत घरातील सर्वांस दैनिक मर्यादेवाचून अभ्यास व काम करता येते. दोन मुले शिकत असलेल्या घराला हा व्यवहार लाभाचा ठरेल. शिकणारे कोणी नसलेल्या आणि दिवसभर रानात राबणाऱ्या दोन माणसांच्या घराने मात्र तो करण्याचे कारण नाही. योजनेची निवड घराच्या गरजेवरून व्हावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही घ्यावी, असे होऊ नये.

चित्रपट व मालिकांच्या सेवा जोडून दिलेल्या योजनांबाबतही हाच विवेक ठेवावा. त्या वगळून दर किती, हे विचारल्यास खरा दर समजतो.

अखंडता वेगाहून महत्त्वाची

शंभरपैकी ९९ तास सेवा सुरू राहते असे म्हटल्यास ते उत्तम वाटते. तरीही वर्षभरात साडेतीन दिवसांहून अधिक काळ ती बंद राहते. हे प्रमाण ९५ वर आले, तर बंद दिवसांची संख्या १८ होते, आणि ते दिवस बहुधा पावसाळ्यातच एकापाठोपाठ येतात. म्हणून ३० मेगाबिटची स्थिर जोडणी ही वारंवार खंडित होणाऱ्या १०० मेगाबिटच्या जोडणीपेक्षा श्रेयस्कर होय.

खंड पडण्याची कारणे दोन, वीज जाणे आणि तार तुटणे. घरातील फायबरची पेटी व राउटर यांना अत्यल्प वीज लागते. दोन्ही मिळून १२ वॅट धरल्यास चार तासांना ४८ वॅट-तास एवढीच साठवण हवी. राउटरसाठी मिळणारी छोटी बॅटरी ही गरज भागवू शकते. ती घेताना उपकरणाचा व्होल्टेज जुळतो की नाही, हे पाहावे. मात्र गावाला सेवा देणाऱ्या केंद्रावरच वीज नसेल, तर घरातील बॅटरीचा उपयोग नाही. म्हणून 'वीज गेल्यावर तुमचे केंद्र किती तास चालते ?' हा प्रश्न सेवादात्यास अवश्य विचारावा.

तार तुटण्याचा प्रश्न जाळ्याच्या रचनेशी निगडित आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभीच्या रचनेत अनेक ठिकाणी तालुक्यापासून निघालेली तार एकामागून एक गावे जोडीत जात असे. मध्ये तुटली की पुढची सर्व गावे अंधारात जात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात वर्तुळाकार रचनेवर भर आहे. एका बाजूने तार तुटल्यास दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. १,३९,५७९ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात ग्रामीण भागात दीड कोटी घरजोडण्या देण्याचे उद्दिष्ट आहे. आपले गाव अशा वर्तुळात आहे की एकेरी तारेच्या टोकाशी आहे, हे पंचायतीने विचारून घ्यावे.

कोणतीही जोडणी घेतली तरी घरात एक फोन दुसऱ्या कंपनीचा असावा, हे धोरण डोंगराळ भागात हितावह आहे. एक जाळे बंद पडले तरी दुसऱ्यावरून मदत मागता येते.

तक्रारीचा मार्ग

सेवा घेण्याआधीच ती बिघडल्यावर काय करावयाचे, हे ठाऊक असावे. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रावर नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. क्रमांक नसलेली तक्रार पुढे उपयोगी पडत नाही. तारयंत्र्याला तोंडी सांगणे म्हणजे तक्रार नव्हे. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत होणे अपेक्षित आहे. या अपिलास शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नव्या विनियमांत दोषदुरुस्तीच्या मुदतीसह सेवेच्या गुणवत्तेचे निकष ठरवून दिले आहेत.

पंचायतीने व शाळेने काय करावे ?

एकेकट्या ग्राहकास कंपनी दाद देत नाही, असा पुष्कळांचा अनुभव असतो. एकत्रित मागणीचे बळ निराळे. एका वाडीतील १५-२० घरांनी मिळून अर्ज केला, तर तेथवर तार नेण्याचा खर्च सेवादात्यास परवडू शकतो. ग्रामसभेत अशा इच्छुक घरांची यादी करून ती संबंधित कंपन्यांस पाठविणे हे पंचायतीला सहज शक्य आहे. आदिवासी क्षेत्रातील गावांत ग्रामसभेच्या ठरावास विशेष स्थान आहे, त्याचा येथे उपयोग व्हावा.

दुसरी गोष्ट, पंचायत कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवावी. सेवा कोणत्या तारखेस व वेळी बंद पडली, तक्रार क्रमांक काय, ती केव्हा सुरू झाली, एवढे चार रकाने पुरेत. एका पावसाळ्याची अशी नोंद हाती असली, म्हणजे कोणती सेवा विश्वासार्ह आहे हे गावाला जाहिरातीवाचून कळेल, आणि तक्रारीला पुरावाही मिळेल.

तिसरी गोष्ट, ज्या घरांना स्वतंत्र जोडणी परवडणार नाही त्यांचा विचार. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेनुसार गावातील किराणा दुकानदारही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. हिरडा वेचून वर्षाचा मेळ घालणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्यास अशा केंद्रातून थोड्या खर्चात अभ्यास करता येईल. शाळेची जोडणी शाळा सुटल्यावर तासभर विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवता येईल का, याचाही विचार शिक्षकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने करावा.

जोडणी घेतल्यावर वाय-फायचा परवलीचा शब्द त्वरित बदलावा आणि तो सरसकट वाटू नये. त्या जोडणीवरून झालेल्या गैरवापराची पहिली विचारणा ग्राहकाच्याच नावे होते.

सारांश

योजना निवडताना सेवादात्यास विचारावयाचे प्रश्न असे सांगता येतील. आमच्या वाडीत आज प्रत्यक्ष कोणाकडे ही सेवा सुरू आहे ? सायंकाळी वेग किती मिळतो ? मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती ? करासह दोन वर्षांचा एकूण खर्च किती ? उपकरण कोणाच्या मालकीचे राहील ? वीज गेल्यावर केंद्र किती तास चालते ? दुरुस्ती करणारा माणूस कोठून येतो आणि गेल्या पावसाळ्यात त्याला किती दिवस लागले ? यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे खरे उत्तर कंपनीच्या प्रतिनिधीपेक्षा गावातील जुन्या ग्राहकाकडे मिळते.

शक्य असल्यास प्रारंभी वर्षाची रक्कम एकदम न भरता एक-दोन महिन्यांपुरतीच सेवा घ्यावी, आणि तीही पावसाळ्यात. आषाढ-श्रावणात जी जोडणी टिकेल, तीवर वर्षभर विसंबून राहण्यास हरकत नाही.